शाळेतल्या दुश्मनाच्या गोष्टी पोरी का वाचतात

सध्या आमच्याकडं, म्हणजे लातूर-अंबाजोगाईच्या पट्ट्यात, पालकांमध्ये एक वाद पेटलाय आणि तो इतक्या वाईट पद्धतीनं चाललाय की गप्प बसवेना म्हणून हे लिहायलेय. विषय आहे पोरी मोबाईलवर वाचतात त्या डार्क रोमान्स कथांचा, त्यातही एका ठराविक प्रकारच्या. शाळेत दोघं एकमेकांचे कट्टर दुश्मन, त्यानं तिला वर्गात रडवलेलं, मग आठ-दहा वर्षांनी पुन्हा गाठ पडते, आता तो मोठ्या कंपनीचा मालक नाहीतर गुंड नाहीतर दोन्ही, तिच्या मागं लागतो, तिला चहूबाजूंनी कोंडीत पकडतो, ती त्याला तोडीस तोड देते, आणि शंभर-सव्वाशे भाग झाले की दोघांचं जमतं. ट्यूशनसाठी होस्टेलवर राहणाऱ्या एका पोरीच्या मोबाईलमध्ये अशी कथा सापडली, मोबाईल जप्त झाला, पालकांची मीटिंग बसली आणि दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते ही घाण आहे, ह्यानं पोरींना छळणारा नवराच आवडायला लागेल, ॲप बंद करा, मोबाईल काढून घ्या. दुसऱ्या पार्टीत पुण्याला आयटीत नोकरी करणाऱ्या थोरल्या बहिणी जास्त, त्या म्हणतात टाइमपास आहे हो, दिवसभर फिजिक्स-बायोलॉजी करून डोकं शिणल्यावर अर्धा तास काही वाचलं तर कुणाचं काय बिघडलं. दोन्हीकडचे तावातावानं बोलायलेत, पण त्या पोरीला त्या गोष्टीत काय सापडलं हे एकानंही तिला विचारलं नाही, आणि माझ्या मते सगळा वाद तिथंच चुकला.

मी ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. ह्या कथा मी वाचल्यात, काही अर्ध्यात सोडल्यात, काही रात्री उशिरापर्यंत जागून संपवल्यात, आणि माझं मत स्पष्ट आहे. पोरींना ह्या गोष्टींत ओढून नेतो तो छळ नसतो, हिशेब असतो. ज्यानं आपल्याला चारचौघांत मान खाली घालायला लावली तो ते विसरलेला नाही, ते त्याला आतून खातंय, आणि एक दिवस त्याला आपल्यासमोर येऊन ते सगळं एकेक करून कबूल करावं लागतं, ह्या कल्पनेतच सगळी ताकद आहे. खऱ्या आयुष्यात असं कधी होतं? शाळेत त्रास देणारी पोरं मोठी होतात, कुणी गुत्तेदार होतो, कुणी पंचायत समितीला उभा राहतो, कुणाच्या लग्नात भेटली तर 'काय, ओळखलं का' म्हणून हसतात, त्यांना खरंच काही आठवत नसतं, आठवत असतं ते फक्त तिला. म्हणून वाचणं बंद करा ही मागणी मला मान्य नाही. आणि टाइमपास आहे, सोडून द्या, हेही मान्य नाही, कारण टाइमपास म्हणून सोडून दिलं की त्या गोष्टीनं हिशेब चुकता केला का बुडवला हे विचारायची सोयच उरत नाही, आणि विचारायला पाहिजे ते नेमकं हेच.

पण आधी शाळेतलाच दुश्मन का, हे बघू. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा तालुक्याच्या हायस्कूलमध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा, सातवी-आठवीत पोरा-पोरींमध्ये कुठलं नातं चालायचं? मैत्री तर नाहीच. पोरी एका बाजूच्या रांगेत, पोरं दुसऱ्या, मधल्या मोकळ्या जागेतून फक्त सर ये-जा करायचे. पोरानं पोरीला गणिताची वही मागितली तरी मधल्या सुट्टीत फळ्यावर दोघांची नावं मध्ये अधिकचं चिन्ह टाकून लिहिलेली असायची, पुसायला उठलं तरी ओरडा, नाही उठलं तरी ओरडा. राखीपौर्णिमेला बाई सगळ्या पोरींना वर्गातल्या सगळ्या पोरांना राख्या बांधायला लावायच्या, म्हणजे विषयच मिटला. ह्या सगळ्यात उघडपणे करता येईल असं एकच नातं उरायचं ते भांडणाचं. वेणीची लाल रिबीन मागच्या बाकाला बांधून ठेवायची, कंपासमधलं कर्कटक पळवायचं, तिला तिच्या बापाच्या नावानं हाक मारायची, आणि ती वर्गप्रमुख झाली की तिनं फळ्यावर बोलणाऱ्यांच्या यादीत तो गप्प असला तरी सगळ्यात वर त्याचंच नाव लिहायचं आणि सर येईपर्यंत त्याच्यापुढं फुल्या वाढवत न्यायच्या. भांडताना एकमेकांकडं रोखून बघता यायचं, एकमेकांचं नाव तोंडात घेता यायचं, आणि कुणाला संशय यायचा नाही. ज्या गावात पोरीनं पोराकडं बघण्याची एकमेव सोय राग ही होती त्या गावातल्या बाईला दुश्मनाच्या गोष्टीत काहीतरी ओळखीचं सापडणार नाही तर कशात सापडणार?

आणि पुढं काय होतं तेही बघा. ती तेवीस-चोवीसची झाली की बायोडाटा तयार होतो. उंची, रंग, शिक्षण, जन्मवेळ, मामाचं गाव, 'स्वभाव शांत'. पाहुणे येतात, पोहे होतात, पोरगा विचारतो स्वयंपाक येतो का, हॉबी काय, आणि पंधरा मिनिटांत दोन घरांचं ठरतं. ह्या पंधरा मिनिटांत बसलेल्या माणसाला तिच्याबद्दल काय माहीत असतं? आता कथेतला तो दुश्मन घ्या. निबंधस्पर्धेत नंबर हुकल्यावर तिनं सर्टिफिकेट टराटरा फाडलं होतं हे त्याला माहितीय. ती रागावली की आधी हसते हे माहितीय. ती शांत स्वभावाची अजिबात नाही हे तर त्याला सगळ्यात जास्त माहितीय, आणि तरी तो तिलाच शोधत आलाय. कथेतली नायिका त्याच्याशी भांडताना जसं बोलते तसं ह्या पोरी आयुष्यात कुठल्याच पुरुषाशी बोललेल्या नसतात, भावाशीसुद्धा नाही. शिवाय शाळा ही आपल्याकडं अशी एक खोली आहे जिथं सगळ्या गल्ल्यांतली, वस्त्यांतली लेकरं एका छताखाली बसतात, दहावी झाली की जो तो आपापल्या वस्तीत, आपापल्या जातीत, आपापल्या पाहुण्यारावळ्यांत परत जातो. शाळेतल्या माणसाबद्दलची ओढ ही बऱ्याचदा त्या खोलीबद्दलचीही ओढ असते, असं मला ह्या कथा वाचताना सारखं वाटत आलंय.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यात जे वजनदार आहे ते मला हलक्यात घ्यायचं नाही. पहिलं म्हणजे आपण राहतो कुठं? 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला' ही बातमी आपल्या जिल्ह्याच्या पानावर इतक्यांदा येते की वाचणाऱ्याचा हात पान उलटताना थांबत नाही. पोरीच्या मागं गाडी घालणारा, कॉलेजच्या गेटवर उभा राहणारा, नंबर बदलला तरी नवा नंबर शोधून काढणारा पोरगा कायद्यानं गुन्हेगार आहे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ साली पाठलाग हा दंड संहितेत वेगळा गुन्हा झाला, आता भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ आहे. ज्या बापाची लेक रोज एसटीनं तालुक्याला जाते त्यानं कथेतला हिरो हेच सगळं करताना वाचलं आणि त्याच्या पोटात गोळा आला तर त्याला मागास म्हणणं अन्याय आहे. दुसरा मुद्दा ह्याहून खोल जातो आणि तो एका अभ्यासक बाईचाच आहे. जॅनिस रॅडवे ह्या अमेरिकन बाईंनी एका छोट्या शहरातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी सांगितलं की हा आमचा स्वतःचा वेळ आहे, घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर उरलेला, आणि शेवटपर्यंत क्रूर राहणारा हिरो आम्हाला चालत नाही. पण रॅडवेबाई तिथंच थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या ह्या कादंबऱ्या बाईला एक सवय लावतात, पुरुषाचा तुसडेपणा, त्याचा राग, त्याची थंड वागणूक हे सगळं मुळात लपलेलं प्रेम आहे असं वाचायची सवय, आणि मग घरातल्या खऱ्या तुसडेपणाविरुद्ध उठायचं बळ पुस्तकातच खर्च होतं. हा आक्षेप मला कितीतरी दिवस पुरला. तिसरा मुद्दा वयाचा. बऱ्याच ठिकाणी ॲप वय विचारतं, आकडा टाकला की दार उघडं, आणि आत तेरा वर्षांची पोरगी आणि तेहतीस वर्षांची बाई एकच भाग वाचतात. इथं माझा विरोधकांशी काही वाद नाही. अठराच्या आतल्या लेकरांसाठी वेगळी सोय पाहिजे आणि ती खरीखुरी पाहिजे, एवढं म्हणून पुढं जाते, कारण मीटिंगमध्ये मागणी वेगळ्या सोयीची नव्हती, सरसकट बंदीची होती.

पहिल्या मुद्द्याचा पाया असा आहे की बाई जे वाचून रंगते तेच तिला आयुष्यात हवं असतं. हे खरं असतं तर पैठणच्या नाथांना आपण काय म्हटलं असतं? 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' हे भारूड आपल्याकडं जत्रेत, सप्त्यात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हटलं जातं. त्यातली बाई देवीकडं काय मागते? गावाला गेलेला सासरा तिकडंच खपू दे, सासूचा निकाल लाव, जावेला विधवा कर, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, आणि नवऱ्याची आहुती देते, मला एकटीला राहू दे. एका घरातली एवढी माणसं एका गाण्यात उडवलीत. कीर्तनकार सांगतात की सासू-सासरे म्हणजे विकार, अहंकार, वासना, आणि तो अर्थ खराच आहे, नाथांनी तो घातलाच आहे. पण समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात त्या काय वासनाक्षयाच्या आनंदानं हसतात? चारशे वर्षं बायका हे ऐकायल्यात आणि घरी जाऊन सासूच्या पायाला तेल लावायल्यात. मनात जे होऊ शकतं आणि घरात जे होऊ शकत नाही त्यांच्यातलं अंतर बाईला पक्कं माहीत असतं, कारण ती रोज त्या अंतरावरच जगते. पुरुषांना हा प्रश्न आपण कधी विचारला? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पिढ्याच्या पिढ्या एसटी स्टँडवर, पानटपरीवर, शेतातल्या आखाड्यावर त्या वाचत बसल्या, खून, दरोडे, अपहरणं. त्या वाचणाऱ्या माणसाला कुणी म्हटलं का की तुला खून करायचाय? वाचणारी बाई असली की मात्र गोष्ट आणि इच्छा एकच धरायची, हे कुठलं न्यायाचं गणित?

नाथांचंच आणखी एक घ्या. रुक्मिणी स्वयंवर. लग्न जमावं म्हणून पोरींना आयाच ह्याचं पारायण करायला लावतात. आता कथा नुसती ऐकली तर काय आहे? लग्न ठरलेल्या मुलीला देवीच्या देवळातून बाहेर पडताना एक पुरुष सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रथात घालून पळवून नेतो, मागं तिचा भाऊ फौज घेऊन धावतो, त्याची फजिती होते. म्हणजे हरणच की. पण हे हरण आपल्याला गोड का लागतं? कारण आधी रुक्मिणीनं पत्र पाठवलंय. कधी यायचं, कुठं यायचं, मला कुठून न्यायचं, सगळं तिनं लिहून दिलंय. बाहेरून जबरदस्ती दिसते, आतून सगळी योजना तिची. डार्क रोमान्सची सगळी कळ इथं आहे असं मी म्हणते. तिथंही लिहिणारी बहुतेकदा बाई, वाचणारी बाई, भाग कुठं थांबवायचा, कधी मोबाईल उलटा ठेवायचा, पुढचा भाग उघडायचा का नाही, हे सगळं तिच्या हातात. पत्र वाचकानं लिहिलेलं असतं. जो खरा पोरगा गेटवर उभा आहे त्याला कुणीच पत्र लिहिलेलं नाही, आणि हा फरक वाचणाऱ्या पोरीला कळत नाही असं म्हणणारे त्या पोरीला कधी बोलताना ऐकत नाहीत. उलट ह्या कथांच्या सुरुवातीला बऱ्याच लेखिका स्पष्ट लिहितात की ह्यात जबरदस्ती आहे, हिंसा आहे, हिरो चांगला माणूस नाही, झेपणार नसेल तर वाचू नका. तीस-चाळीस वर्षं आपण सहकुटुंब जे सिनेमे बघत आलो, ज्यात हिरो गाणं म्हणत हिरॉईनचा रस्ता अडवतो आणि तिसऱ्या कडव्याला ती हसते, त्याच्या पोस्टरवर कुणी कधी असं लिहिलं होतं का? तिथं पाठलागाला सरळ प्रेम म्हटलं गेलं, इथं निदान पाठलागाला पाठलाग म्हटलंय. धोका जास्त कुठं आहे?

आणि जबरदस्तीबद्दलच बोलायचं तर मराठवाड्यात बोलताना आकडे विसरून कसं चालेल? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं, आणि परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. बीडही चाळिशीच्या वर. ह्या पोरींनी कुठली डार्क कथा वाचून लग्न केलं नाही. दुष्काळ, शाळा लांब, पोरीची काळजी, आणि ऊसतोडीला जायचं तर मुकादम उचल देतो ती जोडीला, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून पोराचं लग्न उरकायचं आणि पोरीचंही. सोळाव्या वर्षी अनोळखी माणसाबरोबर एका खोपटात राहायला पाठवणं ह्याला आपण रीत म्हणतो, आणि अठरा वर्षांच्या पोरीनं पांघरुणात मोबाईलवर गोष्ट वाचली की संस्कृती बुडते? 'तो त्रास देतो म्हणजे तू त्याला आवडतेस' हे वाक्यसुद्धा पोरींनी पहिल्यांदा ॲपवर वाचलेलं नसतं. पाचवीतली पोरगी रडत घरी येते, त्यानं माझा डबा सांडला म्हणते, तेव्हा आत्या म्हणते, अगं तू आवडत असशील त्याला. बाई म्हणतात, पोरं असतातच तशी, तू लक्ष देऊ नको. पोरीची बाजू घ्यायच्या वेळी आपण तिला समजूत शिकवली, मग तीच समजूत कथेत दिसली की आपण कथेवर चिडतो.

रॅडवेबाईंच्या आक्षेपाला मात्र एवढ्यानं उत्तर मिळत नाही. तुसडेपणाला प्रेम म्हणून वाचायची सवय, हे खरंच होऊ शकतं. पण त्यांनी ज्या कादंबऱ्या तपासल्या त्यात बऱ्याचदा हिरो अनोळखी, श्रीमंत, वयानं मोठा, तो असा का वागतो हे नायिकेला कळत नाही आणि शेवटी कळतं की प्रेमच होतं. शाळेतल्या दुश्मनाच्या गोष्टीत हे कोडंच नाही. दोघं तेरा वर्षांचे होते, एकच युनिफॉर्म, एकच शाळा, एकच सर दोघांना छडी मारायचे. त्यानं काय केलं हे तिला तारीखवार माहितीय, आणि तिनंही त्याचं काय काय केलं हे त्याला माहितीय. म्हणजे इथं तुसडेपणाचा अर्थ लावत बसायचा नाहीये, घडलेल्या गोष्टीचा जाब विचारायचाय. पुढं लेखिका त्याला गाडी-बंगला-माणसं देते तेव्हा ही बरोबरी मोडते, आणि मग चांगल्या लेखिकेला ती परत आणावी लागते. तो श्रीमंत आहे, ताकदवान आहे, पण आठवीतल्या त्या दुपारी त्यानं काय केलं हे तिच्या तोंडून ऐकताना त्याच्याकडं एकही उत्तर नाही, अशा जागी तराजू पुन्हा सरळ होतो. माझ्या अनुभवात वाचणाऱ्या पोरी हाच भाग पुन्हा पुन्हा वाचतात.

टाइमपासवाल्यांना मला एवढंच विचारायचंय, गोष्टीचा मनावर काहीच परिणाम होत नाही म्हणता, मग लेकरांना श्यामची आई कशाला वाचायला देता? चांगलं पुस्तक माणूस घडवतं आणि वाईट पुस्तक काहीच करत नाही, असं दोन्हीकडून बोलता येत नाही. परिणाम होतो. तो सरळ नसतो, वाचलं आणि तसंच वागलं असा नसतो, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या हरिपाठ म्हणणाऱ्या आपल्या गावांत हुंडा उरलाच नसता. पण कुठल्या गोष्टीला काय नाव द्यायचं, कशाला माफी म्हणायचं, किती मिळालं की पुरे म्हणायचं, हे आपण गोष्टींतूनही शिकतो. म्हणून वाईट डार्क रोमान्सवर मी वाईट म्हणून बोट ठेवणार. जिथं तो सगळं करतो आणि शेवटी एकच खुलासा येतो की 'मी तेव्हापासून तुझ्यावरच प्रेम करत होतो', आणि ती रडून त्याच्या गळ्यात पडते, तिथं लेखिकेनं वाचकाला फसवलंय. हिशेब मांडला आणि खोडून टाकला.

आणि ही फसवणूक एका ठिकाणी नुसती वाईट लेखन राहत नाही. आपल्या शाळांतला सगळा त्रास काय वेणी ओढण्याचा होता? जातीवरून नाव ठेवणं, पाण्याच्या टाकीपाशी मागं उभं करणं, स्कॉलरशिपचे पैसे आले की टोमणे मारणं, हे त्याच वर्गात, त्याच मधल्या सुट्टीत होत होतं. ज्या विभागात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं म्हटल्यावर १९७८ साली वस्त्या जळल्या आणि नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं, तिथं शाळेतला दुश्मन हा शब्द सगळ्या पोरींसाठी सारखा नाही. अशा पोरीला कुणी सांगितलं की तो तुला जातीवरून बोलायचा कारण आतून तू त्याला आवडायचीस, तर ती गोष्ट तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करते. ह्या कथांमध्ये जात जवळजवळ कुठंच नसते. दोघांना आडनावं असतात, घरं असतात, पण वस्ती नसते. मराठीत हा प्रकार लिहिणाऱ्या बायकांनी इथं धीर करावा असं मला मनापासून वाटतं, कारण हिशेबाची गोष्ट लिहायची आणि आपल्या शाळांतला सगळ्यात मोठा हिशेबच वहीत घ्यायचा नाही, हे कसं पटावं?

बंदीची भाषा मात्र आपल्याला कधीच कुठं घेऊन गेलेली नाही. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळं खटला झाला तो वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून, आणि १९३४ साली त्यांची बाजू लढायला बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण लोकांनी प्रश्न विचारणं थांबलं का? चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून केस झाली, ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६९ साली कोर्टानं अश्लील नाही म्हणून निकाल दिला. तेव्हाही मुद्दा हाच होता की कोवळ्या पोरापोरींच्या हाती पडलं तर काय. कोर्टानं म्हटलं की नुसता शरीरसंबंधाचा उल्लेख आला म्हणून वाचायचं नाही ठरवलं तर तरुण पोरांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. साठ-सत्तर वर्षांनी होस्टेलच्या मीटिंगमध्ये आपण परत तिथंच उभे आहोत, कोर्टाच्याही मागं.

ह्यापेक्षा चांगला रस्ता आपल्याच शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी दाखवलाय. त्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ चं. त्या काळी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' असल्या अद्भुतरम्य प्रेमाच्या कादंबऱ्या जोरात होत्या. ताराबाईंनी त्या वाचल्या, आणि त्यात बायका कशा रंगवल्यात, पुरुष स्वतःला कसं सोडवून घेतात, ह्याचा खरपूस समाचार घेतला. बायकांनी वाचू नये असं त्या म्हणाल्या नाहीत. वाचणारी बाईच सगळ्यात कडक टीका करू शकते, कारण तिला माहीत असतं की कुठं मन गुंतलं आणि कुठं फसवणूक झाली. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशती ह्या प्राकृत कवितांच्या संग्रहात सुरुवातीलाच म्हटलंय की प्राकृत काव्य वाचता-ऐकता येत नाही आणि तरी प्रेमाच्या गोष्टी करतात त्यांना लाज कशी वाटत नाही. मीटिंगला आलेल्यांपैकी कितीजणांनी त्या कथेचा एक तरी भाग पूर्ण वाचला होता?

मी अलीकडं बारावीच्या पोरींशी तास संपल्यावर ह्यावर बोलते, त्यांच्या वाचनातलीच एखादी कथा घेऊन. मागच्या वेळी एका कथेवरून चांगलीच जुंपली. त्यात हिरोनं नायिकेच्या वडिलांची सावकाराकडं गहाण पडलेली जमीन सोडवून दिली आणि सातबारा तिच्या हातात ठेवला, आणि लेखिकेनं तिथं त्याला माफ करून टाकलं. एक पोरगी म्हणाली, मॅडम ह्याच्यापेक्षा मोठी माफी काय असते, जमीन सोडवणं म्हणजे काय असतं हे ज्याच्या घरची गेली त्यालाच कळतं. दुसरी उसळून म्हणाली, जमीन तिच्या बापाला मिळाली, तिला काय मिळालं? शाळेत त्यानं तिची डायरी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवली होती, ते तर त्यानं एकदाही तोंडातून काढलं नाही. पहिली म्हणाली, तोंडानं बोललेलं काय करायचंय, करून दाखवलं ना. दुसरी म्हणाली, मग तिनं उद्या विचारलं तर म्हणेल, जमीन सोडवून दिली की, आता कशाला उकरतीस. वर्ग अर्धा-अर्धा झाला. पहिलीचं म्हणणं मला सोडून देता येत नाही, लागोपाठ दुष्काळ बघितलेल्या घरात दोन एकर हा शब्द कसा उच्चारला जातो ते मला माहितीय. पण मी दुसरीच्या बाजूनं आहे, आणि तसं मी वर्गात सांगितलं, उपकारानं हिशेब फिटत नाही, उलट विचारायचं तोंड बंद होतं म्हणून. कथा अजून चालू आहे. दुसरीनं लेखिकेला सविस्तर लिहून कळवलंय की पुढच्या भागात त्यानं डायरीचं नाव काढलंच पाहिजे, आणि तेही तिनं विचारायच्या आधी.